रेडिओ बोलत नाही आणि आता हातही लावावासा वाटत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या आजोबांनी १९६४ साली घेतलेला मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ गेल्या गणपतीत मी माळ्यावरून काढला. रेडिओ बाळगायच्या लायसन्सचं पुस्तकही ट्रंकेत सापडलं, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. व्हिडिओ बघत बघत कागदी कंडेन्सर बदलले. ॲल्युमिनियमचा मोठा डबा चांगला दिसत होता, म्हणून तो तसाच ठेवला. रेडिओ सुरू झाला. घूंऽऽ असा मोठा आवाज आणि त्याच्यामागे अगदी बारीक पुणे केंद्र! ते मोठं व्हावं म्हणून मी दोन चौकोनी डब्यांतले स्क्रू फिरवले, तर होतं तेही गेलं. डायलचा दोरा बसवण्यात चार रविवार गेले, तो तीनदा निसटला. टेबल वर्षभर अडलेलं आहे. आजी ८६ वर्षांची आहे. दिवाळीच्या पहाटे तुला यावर गाणी ऐकवतो, असं मी तिला म्हणालो होतो. ती रोज विचारायची, "लागला का रे?" आता विचारत नाही. मलाही त्या खोलीत जावंसं वाटत नाही. विकून टाकू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : विकायचा की नाही हे दिवाळीनंतर ठरवा. आज फक्त प्लग काढा आणि मी सांगते ते ऐका.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून कथलाची तार धरायची. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही, की आप्पांकडे येणारा रेडिओ काल-परवापर्यंत वाजत असायचा. त्यात एकच बिघाड असायचा. तो काढला की सेट बोलायचा, गिऱ्हाईक हसायचं आणि आप्पा दुसरा सेट पुढे ओढायचे. तुमचा रेडिओ कित्येक वर्षं माळ्यावर होता. त्यात एकाच वेळी सहा-सात बिघाड आहेत. तुम्ही त्यातले तीन खरोखर काढले आहेत, पण उरलेल्यांमुळे ते तुम्हाला ऐकूच आलेलं नाही. रविवारमागून रविवार काम करायचं आणि समोरून हूं नाही की चूं नाही, अशाने कुणाचाही जीव विटतो. तुमची चिकाटी कमी पडली असं मला वाटत नाही. तुमच्या कामाला उत्तर मिळालं नाही, एवढंच झालं.

म्हणून आता काम असं तोडायचं, की प्रत्येक बैठक कुठल्या तरी आवाजावर संपेल. आप्पा नेहमी स्पीकरकडून मागे जायचे. आधी पॉवर आणि आउटपुट, मग आवाजाचं बटण, मग आय.एफ. (लागलेलं स्टेशन निवडून मोठं करणारा मधला भाग), आणि सगळ्यात शेवटी एरियलची बाजू. तुम्ही मधूनच सुरुवात केलीत, म्हणून अडकलात.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी हात जोडून सांगते. या सेटमध्ये साधारण अडीचशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ उरतात. वैतागलेल्या माणसाने उघड्या चॅसीत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, हात घालायचा नाही. आप्पांना चीड आली की ते प्लग उपसून वायर खिळ्याला टांगायचे आणि चहाला जायचे. लहानपणी मला ती त्यांची लकब वाटायची. पुढे मी स्वतः एका रात्री, आता आज हा वाजवतेच, अशा हट्टाने एक जर्मन सेट सिरीज बल्बशिवाय, म्हणजे विजेच्या वाटेत राखणीचा बल्ब न घालता, थेट लावला. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा, गळका होता. व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली, आणि मी स्विचपर्यंत पोहोचेपर्यंत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला. आप्पांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि तो सेट त्यांच्या आवडीचा होता. दोन वर्षं मी त्याच्यावरची चादर काढली नाही. म्हणून तुम्ही त्या खोलीत का जात नाही, हे मला विचारावं लागलं नाही.

तेव्हा सिरीज बल्ब आधी. शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या वाटेत जोडा. सुरुवातीला उजळून मग मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर लगेच बंद करा. आत काम करण्याआधी कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करून मीटरने खात्री करा. आणि तुमच्या सेटला मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहा. तो नसेल, म्हणजे एसी/डीसी सेट असेल, तर मेन्सचं एक टोक सरळ चॅसीवर येतं. मग तो स्वतः न उघडता जाणकाराकडे न्या. पुढचं सगळं ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटसाठी आहे.

आता ती घूं. ज्या डब्याला तुम्ही चांगला दिसतो म्हणून सोडलंत, तोच फिल्टर कंडेन्सर आणि तुमची घूं बहुतेक त्याचीच. आतलं रसायन सुकलेलं असतं, बाहेरून काही कळत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरने दोन्ही अर्ध्या लाटा घेतल्या की १०० हर्ट्झची घुरघुर होते, ती गिळायचं काम या डब्याचं. त्याच्या वायरी सोडवा, डबा मात्र शोभेला जागेवरच राहू द्या. खाली चॅसीत ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे लावा. जुन्याला समांतर जोडू नका, आणि अधिक-उणे दोनदा बघा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते मिळतील. कपलिंग कंडेन्सर बदललेल्यांत होता का, तेही तपासा. माझं नुकसान त्यानेच केलं.

घूं गेली की पहिली बैठक झाली. शांत झालेला स्पीकर हेही उत्तर असतं. आप्पा त्या शांततेला कान लावून बसायचे.

दुसऱ्या बैठकीत सेटच्या मागे बघा. बऱ्याच सेटना ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात, जवळ 'पी.यू.' किंवा तबकडीचं चित्र असतं. समोरचा बँडस्विच त्या खुणेवर न्या. मोबाइलच्या हेडफोनची वायर प्रत्येक टोकाला ०.१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कंडेन्सर घालून तिथे जोडा. मोबाइल त्या वेळी चार्जरला नको. आवाजाचं बटण हळूहळू वाढवा.

आणि आजींना तिथे आणून बसवा. एकही स्टेशन लागायच्या आधी. तुम्ही त्यांना कबूल केलं होतं ते गाणं, आणि गाणं या वाटेने याच स्पीकरमधून, याच व्हॉल्व्हमधून, याच लाकडी पेटीतून येईल. व्हॉल्व्ह तापेपर्यंत पंधरा-वीस सेकंद काही वाजत नाही आणि मग आवाज आतून वर येतो. ती वाट बघणं त्यांना ओळखीचं असेल. त्यांनी विचारायचं थांबवलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, आता तुम्हीच त्यांना विचारा. सकाळी पहिलं काय लागायचं? काटा कुठे असायचा? एरियल कुठून कुठे बांधली होती? आमच्याकडे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी असायची आणि तिच्यावर चिमण्या बसायच्या. तुमच्या घरी काय होतं, हे आता फक्त आजींनाच सांगता येईल, आणि ते रेडिओच्या आधी नोंदवून ठेवायला हवं.

त्या दोन चौकोनी डब्यांना आता हात लावू नका. ते आय.एफ. ट्रान्सफॉर्मर. बहुतेक सेटमध्ये ते ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास जुळवलेले असतात आणि ते कानाने नीट जुळत नाहीत. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने आतला कोर तडकतो. आप्पा त्यासाठी विणायची प्लॅस्टिकची सुई घासून चपटी करायचे. ज्याच्याकडे सिग्नल जनरेटर आहे त्याच्याकडे सेट न्या. जवळच्या आयटीआयत किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत विचारून बघा. कोर शाबूत असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. सगळं मीच केलं पाहिजे, हा हट्ट सोडा. आप्पांनी चाळीस वर्षांत एकही ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला नाही; ते वाइंडिंगवाल्याकडे पाठवायचे, आणि त्याबद्दल त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. माझा जळलेला ट्रान्सफॉर्मरही अखेर तिथूनच भरून आला.

दोरा सगळ्यात शेवटी. स्टेशन लागायला दोरा लागत नाही. मागून ड्रम बोटाने फिरवला तरी स्टेशन येतं. हे माहीत नसल्याने तुमचे चार रविवार गेले, याचं मला वाईट वाटतं. बसवाल तेव्हा गँगची, म्हणजे ट्यूनिंगच्या कंडेन्सरची, पानं पूर्ण आत घेऊन सुरू करा, ट्यूनिंगच्या दांडीला अडीच-तीन वेढे द्या आणि स्प्रिंग ताणलेली राहील अशी गाठ मारा. गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. मासे पकडायची गुळगुळीत नायलॉन दोरी वापरली असेल तर ती निसटणारच. विणीचा दोरा घ्या आणि दांडीला चिमूटभर राळ चोळा. आधी कागदावर दोऱ्याचा मार्ग काढा, म्हणजे हात मोकळे राहतात.

टेबलाचं म्हणाल, तर घरातला एक जुना पाट घ्या आणि चॅसी त्यावर ठेवा. काम संपलं की पाट उचलून कपाटावर. माझ्या अनुभवात अर्धा कंटाळा पसाऱ्याचा असतो. आणि उठताना एक चिठ्ठी लिहून चॅसीत खोचा, 'पुढच्या वेळी पहिलं हे करायचं'. झालं काय ते लिहू नका, पुढचं लिहा. तीन आठवड्यांनी परत बसताना, आपण कुठे होतो, हेच आठवत नाही आणि माणूस तिथूनच मागे फिरतो. आप्पांच्या प्रत्येक सेटमध्ये अशी चिठ्ठी असायची. चादरीखालच्या त्या जर्मन सेटमध्येही होती, दोन वर्षांनी मला सापडली. 'व्हॉल्यूम साफ करणे.' मी तेवढंच केलं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

दिवाळीच्या पहाटेचं आता. मीडियम वेव्ह उजाडायच्या आधी लांबवर पोहोचते. सूर्य वर आला की वातावरणाचा एक थर ती लाट शोषायला लागतो. तेव्हा पुणे केंद्रासाठी, ७९२ किलोहर्ट्झला, अंधार असतानाच बसा. बाहेर आठ-दहा मीटरची तार टाका. आणि खिडकीतली एलईडीची माळ, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर सगळं बंद करा. त्यांची खरखर थेट रेडिओत शिरते. पणत्यांच्या उजेडात ऐका. स्टेशन त्या दिवशी लागलं नाही, तर मोबाइलची वायर मागे आहेच. आजींना तेही सांगून ठेवा.

प्रश्न : रेडिओच्या लाकडी पेटीला चपड्याचं पॉलिश केलं, दोन्ही वेळा ते पांढुरकं पडलं. दोनदा घासून काढलं. आता तिसऱ्यांदा घासायची ताकद नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : घासू नका. तुमच्या पत्रावर तारीख जुलैची आहे, हेच कारण. चपडा म्हणजे लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो आणि कोकणातल्या पावसाळी हवेतला दमट अंश त्यावर धरतो. तोच पांढरा. आमच्या दुकानामागे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर राहायचे. तंबोऱ्याच्या भोपळ्याला ते असंच पॉलिश करायचे, पण झड लागली की डबा बंद करून ठेवायचे आणि खुंट्या तासत बसायचे. आप्पांना पेटीचं काम त्यांनीच शिकवलं. तुम्हीही पेटी कापडात गुंडाळून ठेवा. दसरा झाला, हवा कोरडी झाली, की सुती बोळा स्पिरिटने जेमतेम ओला करा आणि न थांबता हलकेच फिरवा. पांढरेपणा बहुतेक तेवढ्याने जातो. तोवर तुमच्याकडे बटणं आणि जाळीचं कापड धुवायचं काम आहेच. बटणं साबणाच्या कोमट पाण्यात, कापड मात्र फक्त मऊ ब्रशने झटकून. जुनं कापड पाण्यात आटतं.

प्रश्न : वडिलांचा सेट दोन वर्षं दुरुस्त होत नाही. मुलगा म्हणतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवू. कंटाळून हो म्हणणार आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाला रेडिओ वाजलेला हवा आहे, ही चांगली गोष्ट आहे, त्याला नाही म्हणू नका. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर बाहेरून पी.यू.च्या भोकांना लावा, वर कराडच्या वाचकांना सांगितलं तसं, ट्रान्सफॉर्मरची खात्री करून. पेटीला भोक पाडायचं नाही आणि चॅसीतली एकही वायर कापायची नाही. आउटपुटची बाजू आधी नीट करावी लागेल. ते काम मुलालाच शेजारी बसवून करा. चॅसी काढून फेकली तर वडिलांच्या सेटचं फक्त खोकं उरेल, आणि परत आणायचं म्हटलं तर ती आणता येणार नाही.