इंग्लंडमध्ये काउन्सिलरला, म्हणजे तिथल्या नगरसेवकाला, सांगून मुलीची शाळा बदलून मिळते का? नसेल तर शिक्षणाचं आणि मुलांचं काम म्हणजे तो नक्की करतो काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही मिळत. मी दोन टर्म म्हणजे आठ वर्षं इंग्लंडमधल्या एका काउन्सिलवर निवडून आलेली काउन्सिलर होते आणि त्यातली बरीचशी वर्षं शिक्षण आणि मुलांच्या समितीवरच गेली. दरवर्षी १६ एप्रिलला प्रायमरीच्या ऑफर, म्हणजे कुठल्या मुलाला कुठली शाळा मिळाली ते, निघाल्या की त्या दिवशी दुपारपासून माझा फोन वाजायला लागायचा, त्यात आपली मराठी मंडळीही असायची, "ताई, तुमचं एक पत्र मिळालं तर बघा ना." नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन शाळेत जायची आपल्याला सवय असते त्यामुळे मला कधी राग नाही यायचा, पण इथे तशी चिठ्ठी नेलीत तर ऑफिसर ती शांतपणे फाइलला लावतो आणि तुमचा नंबर होता तिथेच राहतो.

तुम्ही लिहिलंय की शाळा चालत दहा मिनिटांवर आहे तरी रिसेप्शनसाठी, म्हणजे प्रायमरीच्या पहिल्या वर्गासाठी, दुसरीकडची मिळाली. हे होतं कारण जागा ठरलेल्या निकषांनी भरतात. आधी केअरमधली, म्हणजे आईवडिलांऐवजी काउन्सिलच्या देखरेखीत असलेली मुलं, मग शाळेप्रमाणे भावंडं, अंतर, चर्चच्या शाळांमध्ये धर्म वगैरे, आणि एखाद्या वर्षी भावंडंच इतकी निघतात की अंतरावाल्यांना चारशे मीटरवरच दार बंद होतं. पहिल्या तीन वर्षांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलं ही कायद्याची मर्यादा आहे त्यामुळे "एक जास्त घ्या हो" हेही चालत नाही. अपील करता येतं पण त्या पॅनेलवर काउन्सिलरला बसताच येत नाही, मुद्दामच तसं ठेवलंय, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

मग काउन्सिलर शिक्षणाचं करतो काय. आधी तुमची काउन्सिल कुठली ते बघा, कारण बऱ्याच ठिकाणी दोन मजले असतात, कचरा आणि बांधकाम परवानग्या डिस्ट्रिक्टकडे, शाळा आणि मुलांच्या सेवा काउंटीकडे. लंडनचे बरो, मेट्रोपॉलिटन आणि युनिटरी काउन्सिल हे सगळं एकाच ठिकाणी बघतात. लोक डिस्ट्रिक्टच्या काउन्सिलरला महिनाभर शाळेबद्दल ईमेल करत बसतात आणि तो बिचारा सगळे पुढे पाठवत बसतो.

त्यातही शाळा काउन्सिलच्या हातात आता फार उरलेल्या नाहीत. १९८८ च्या कायद्याने बजेट शाळांकडे गेलं, २०१० च्या अकॅडमी कायद्यानंतर तर शाळा धडाधड बाहेर पडल्या, आज सेकंडरीतल्या दहापैकी आठाहून जास्त शाळा अकॅडमी आहेत, म्हणजे त्यांचा करार थेट सरकारशी, मध्ये ट्रस्ट, काउन्सिलचा हेडवर, म्हणजे मुख्याध्यापकावर, काही हुकूम चालत नाही. शाळांचे पैसे येतात ते पण बांधून दिलेले, ठरलेल्या फॉर्म्युल्याने पुढे जातात, आम्ही पोस्टमन. आणि गंमत म्हणजे एरियात पुरेशा जागा आहेत की नाही हे बघायची कायदेशीर जबाबदारी मात्र काउन्सिलचीच. माझ्या काळात नवी शाळा लागली तर २०११ च्या कायद्याप्रमाणे आधी अकॅडमी चालवणारे शोधायचे, स्वतःची काढायची सोय जवळजवळ नाहीच. म्हणजे जागा कमी पडल्या की शिव्या आम्हाला, शाळा दुसऱ्याची. वॉर्डातल्या मीटिंगमध्ये पालक माझ्यावर तावातावाने ओरडायचे आणि मी उभी राहून अकॅडमी म्हणजे काय ते समजावत बसायचे, कोणाला त्यात रस नसायचा, का असावा.

खरं काम निघतं ते कडेकडेच्या गोष्टीत. शाळेच्या बसचं उदाहरण सांगते. नियम असा आहे की मूल आठ वर्षांखालचं असेल तर दोन मैलांच्या पुढे आणि त्यानंतर तीन मैलांच्या पुढे काउन्सिलने फुकट नेआण करायची, आणि अंतर त्याहून कमी असलं तरी चालायचा रस्ता धोक्याचा असेल तर नेआण करायचीच. आमच्याकडे एका वर्षी पैसे वाचवायला काही रस्ते नव्याने तपासले आणि एक रस्ता एकदम सुरक्षित ठरला. कागदावर सगळं बरोबर होतं, कारण सुरक्षित म्हणजे गरज पडेल तिथे मोठं माणूस सोबत आहे असं धरून सुरक्षित, हे वाक्य नियमातच आहे. एक आई मला म्हणाली तुम्ही या आणि चालून बघा. मी ऑफिसरला सोबत घेतलं, नोव्हेंबर महिना, सकाळचे साडेसात, नीट उजाडलेलं नाही, पाऊस, फुटपाथ मध्येच संपतो आणि पुढे दोनेकशे मीटर नुसती गवताची कड, बाजूने गाड्या जातायत. ऑफिसर चांगला माणूस होता, त्याने जूनमध्ये दुपारी रस्ता बघितला होता इतकंच. परत आल्यावर त्याने स्वतःच अहवाल बदलला. मी काय केलं? काहीच नाही, फक्त योग्य माणसाला योग्य वेळी तिथे उभं केलं. पण त्या आईच्या एकटीच्या ईमेलवर तो आला नसता हेही खरं.

विशेष गरजा असलेल्या मुलांचं तर विचारू नका. २०१४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाला शिक्षण, आरोग्य आणि काळजीची कुठली मदत मिळायला हवी ते लिहिलेला कायदेशीर आराखडा आला, मूल मोठं होऊन २५ वर्षांचं होईपर्यंत चालू राहू शकतो, अर्ज केल्यापासून २० आठवड्यांत व्हायला हवा, आणि माझ्याकडे आलेल्या केसवर्कमध्ये अर्ध्याहून जास्त तक्रारी त्या २० आठवड्यांच्या होत्या. सायकॉलॉजिस्ट मिळत नाहीत, स्पेशल शाळेत जागा नाहीत, म्हणून मूल लांबच्या खाजगी शाळेत, त्याला टॅक्सी, तो खर्च परत काउन्सिलचा, आणि या खात्यातला तोटा इतका साचला की बऱ्याच काउन्सिलना सरकारने तो हिशेबात वेगळा ठेवायची सूट दिली आहे, नाहीतर दिवाळखोरीच. पालक ट्रिब्युनलला जातात आणि बहुतेक वेळा जिंकतात. मी पालकांना सांगायचे, मी तुमच्यासाठी निर्णय फिरवू शकत नाही पण उत्तर का आलं नाही हे विचारू शकते, आणि माझ्या ईमेलला ऑफिसरला ठराविक दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण सहा महिने फोन न उचलणारं खातं दोन दिवसांत तारीख देतं तेव्हा माणसाला रडू येतं, बघितलंय मी.

समितीबद्दल एक गंमत, आपल्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. शिक्षणावर प्रश्न विचारणाऱ्या स्क्रूटिनी समितीत काउन्सिलरांबरोबर निवडून आलेले पालक असतात आणि चर्च ऑफ इंग्लंडचे आणि कॅथलिक चर्चचे प्रतिनिधी पण, आणि शिक्षणाच्या विषयावर त्यांना मतदानाचा हक्क असतो, नुसती खुर्ची नाही. मला सुरुवातीला विचित्र वाटलं होतं. पण सगळ्यात टोकदार प्रश्न बहुतेक वेळा त्या पालकांचेच असायचे, आम्ही पक्षाकडे बघत बसायचो.

आता ज्याबद्दल कोणीच विचारत नाही ते. मुलांच्या सेवा म्हणजे शाळा नव्हे, म्हणजे ज्या मुलांना घरी धोका आहे, जी घरी राहू शकत नाहीत, ती. व्हिक्टोरिया क्लिंबी नावाची आठ वर्षांची मुलगी २००० साली लंडनमध्ये घरच्याच माणसांच्या छळाने मेली, सोशल वर्कर, पोलीस, हॉस्पिटल सगळ्यांनी तिला बघितलं होतं, लॉर्ड लेमिंग यांनी २००३ च्या अहवालात तिला वाचवता आलं असतं असे बारा तरी प्रसंग मोजून दाखवले. त्यानंतर २००४ चा कायदा आला आणि मुलांच्या सेवा बघणाऱ्या प्रत्येक काउन्सिलमध्ये मुलांसाठी एक डायरेक्टर आणि एक लीड मेंबर, म्हणजे निवडून आलेला एक काउन्सिलर, नावानिशी जबाबदार झाला. कोणाची जबाबदारी होती हे आम्हाला माहीत नव्हतं, असं परत कोणी म्हणू नये म्हणून.

आणि केअरमधली मुलं. इंग्लंडमध्ये अशी ८०,००० हून जास्त आहेत आणि त्यांचे पालक काउन्सिल, त्याला कॉर्पोरेट पेरेंट म्हणतात, २०१७ च्या कायद्यात त्याची सात तत्त्वं लिहिली आहेत. फक्त लीड मेंबर नाही, कचऱ्याच्या समितीवरचा काउन्सिलर पण त्यात येतो. निवडून आल्यावर पहिल्या ट्रेनिंगला हे सांगितलं तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले मी पार्किंगसाठी निवडून आलोय हो. मीही मनातून तेच म्हणत होते.

वैयक्तिक फाइल आम्हाला बघायला मिळत नाही, मिळूही नये, मुलांची नावंही माहीत नसतात. आकडे मिळतात. किती मुलं वर्षात तीनदा घर बदलतात, किती जणांना जिल्ह्याबाहेर ठेवलंय, दाताची तपासणी झाली का. केअरमधल्या मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवायला व्हर्च्युअल स्कूल असते आणि तिला हेड पण असतो, मी पहिल्यांदा विचारलं होतं ही शाळा कुठे आहे, इमारत वगैरे काही नसते, मुलं वेगवेगळ्या शाळांत आणि हेड सगळ्यांच्या मागे.

आमच्या कॉर्पोरेट पेरेंटच्या पॅनेलवर केअरमधून मोठी झालेली दोन-तीन मुलं यायची. एकदा पाऊण तास प्लेसमेंटच्या, म्हणजे मुलांना कुठे ठेवलंय त्याच्या, आकड्यांवर चर्चा चालली होती, तक्त्यात सगळे रंग हिरवे, म्हणजे सगळं ठीक, आणि त्यातली एक मुलगी म्हणाली मी चारदा घर बदललं आणि चारही वेळा माझे कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरले. कोणी काही बोललं नाही. तो आकडा कुठल्याच तक्त्यात नव्हता. पुढच्या मीटिंगला आम्ही एवढंच विचारलं, आपल्याकडे बॅगा आहेत का, किती आहेत, कुठे ठेवल्यात, रात्री अकराला मुलाला हलवायचं झालं तर किल्ली कोणाकडे असते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला तीन मीटिंग गेल्या.

असंच घासून घासून केअर सोडलेल्यांना २५ वर्षांपर्यंत काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, माफ झाला, तो स्थानिक निर्णय असतो, बऱ्याच काउन्सिलनी केलाय, सगळ्यांनी नाही. बजेटच्या मानाने रक्कम अगदीच छोटी होती आणि तरी दोन वर्षं लागली.

तर तुमच्या मुलीचं. मिळालेली शाळा नाकारू नका, ती घेतली म्हणून वेटिंग लिस्ट किंवा अपील जात नाही. हव्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे का ते लेखी विचारा, ती निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते आणि नंबर आधी नाव दिलं म्हणून नाही तर निकषांप्रमाणे लागतो, त्यामुळे वर-खाली होत राहतो, घाबरू नका. अपील करणार असाल तर ३० च्या वर्गात "आम्हाला सोयीचं आहे" हे चालत नाही, त्यांनी अंतर मोजण्यात किंवा भावंड धरण्यात चूक केली का ते शोधा, शेवटच्या मुलाला किती अंतरावर जागा मिळाली तो आकडा मागा, आणि तुमच्या घराचं त्यांनी मोजलेलं अंतर पण मागा. हा आकडा देत नसतील तर तेव्हा काउन्सिलरला ईमेल करा.