इंग्रज समालोचक ‘दे बॉटल्ड इट’ (त्यांनी ऐनवेळी कच खाल्ली) म्हणतात, त्यातल्या बाटलीचा धैर्याशी काय संबंध?

फुटबॉलचा सामना पाहताना हे शब्द कानावर पडल्याचे आणि धीर सुटण्यासाठी ब्रिटनमध्ये आणखी काय म्हणतात याचे कुतूहल असल्याचे आपण लिहिले आहे. मी स्वतः हा प्रयोग प्रथम ऐकला तेव्हा खेळाडू मद्यपान करून उतरले होते की काय, अशी शंका मला आली होती. प्रत्यक्षात त्याचा दारूशी काहीही संबंध नाही.

पूर्व लंडनच्या कॉक्नी बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी वापरतात आणि पुष्कळदा त्या जोडीतला यमकाचा शब्दच गाळून टाकतात, त्यामुळे परक्या माणसाला अर्थाचा थांग लागत नाही. ‘बॉटल अँड ग्लास’ ही जोडी ‘आर्स’ म्हणजे ढुंगण या शब्दाशी जुळते आणि ‘ग्लास’ गळून ‘बॉटल’ तेवढी उरते, असे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते. (उत्तर इंग्लंडमध्ये ‘ग्लॅस’ असा उच्चार करतात, तिथे हे यमक जुळणारच नाही.) तेव्हा ‘ही लॉस्ट हिज बॉटल’ याचा मूळ अर्थ भीतीने धोतर खराब होण्याच्या जवळचा आहे. आज मात्र तो ग्राम्यपणा बहुतेकांच्या लक्षातही येत नाही आणि ‘बॉटल’ असणे म्हणजे सरळ हिंमत असणे.

‘बॉटल इट’ म्हणजे केवळ घाबरणे नव्हे. जे करण्याची तयारी होती किंवा जे हाताशी आले होते, ते कसोटीच्या क्षणी धीर सुटल्यामुळे गमावणे, असा तो आरोप आहे. म्हणून मी त्याचे भाषांतर ‘ऐनवेळी कच खाल्ली’ असे करीन, ‘भ्याला’ असे नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी, मुदतपूर्व निवडणुकीच्या चर्चेला आठवडेच्या आठवडे उधाण आलेले असताना, निवडणूक घेणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा विरोधकांनी त्यांना ‘बॉटलर ब्राऊन’ म्हणून हिणवले ते याच अर्थाने.

निवडणुकीवरूनच १९८३ साली पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत विरोधी मजूर पक्षाचे उपनेते डेनिस हीली यांना ‘फ्रिट’ म्हणून डिवचले होते. ‘फ्रिट’ म्हणजे घाबरलेला. हा त्यांच्या लिंकनशायरकडचा बोलीशब्द, आणि एरवी घासूनपुसून बोलणाऱ्या थॅचरबाईंच्या तोंडून तो निसटल्यामुळेच लोकांच्या लक्षात राहिला. ‘गेट द विंड अप’ हा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांमध्ये रुळलेला प्रयोग आहे आणि त्यात माघारीचा आरोप नसतो, फक्त धास्ती असते. ‘फंक’ म्हणजे भीतीने गाळण उडणे; हा शब्द त्याहून जुना, अठराव्या शतकातल्या ऑक्सफर्डचा. ‘कोल्ड फीट’ (ऐनवेळी धीर खचणे) आणि ‘चिकन आउट’ (घाबरून माघार घेणे) ब्रिटनमध्येही चालतात, पण ते अमेरिकेतून आलेले आहेत.

‘बॉटल’ वापरताना व्याकरणाकडे मात्र लक्ष असू द्यावे, कारण ‘ही बॉटल्ड इट’ म्हणजे त्याने कच खाल्ली, तर ‘ही बॉटल्ड हिम’ म्हणजे त्याने दुसऱ्याला बाटलीने मारले. आणि ऑस्ट्रेलियात कोणी ‘बॉटलर’ म्हटले तर रागावू नये, तिकडे ती शाबासकी आहे.