बालपण आईबाबांच्या भांडणात आणि घरं बदलण्यात गेलं, आता तरी आनंदी होता येईल का?

हो रे, नक्की येतं. अमेरिकेतल्या हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ मधे जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईनं वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात जास्त अडचणीतली साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि बऱ्याच जणांकडे एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. माझ्यासाठी ती सिडकोतली शेजारची काकू, आमच्याकडे आदळआपट सुरू झाली की काही न विचारता ताट वाढायची आणि म्हणायची इथेच बस अभ्यासाला. आता सातपूरला जॉब आहे, रूम भाड्याचीच पण रात्री दार वाजलं तरी छातीत धस्स होत नाही, हे सुख फार मोठंय. तुलाही असं माणूस शोध, आणि फारच जड झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.