माल ‘पूर्ण’ पोचला म्हणजे काय?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. ‘कन्साइनमेंट कम्प्लीट आहे’ असं हॉलंडच्या ग्राहकाला कळवलं, तर त्याने उलट विचारलं, ‘इन्टॅक्ट आहे ना?’ डिक्शनरीत होल, एन्टायर, टोटल, कम्प्लीट सगळ्यांपुढे ‘पूर्ण’च दिसतं. कुठे काय वापरायचं?

उत्तर : ग्राहक बरोबर विचारतोय. इन्व्हॉइसवरच्या सगळ्या पेट्या कंटेनरमध्ये चढल्या की माल कम्प्लीट. त्यातले निम्मे मणी तडकलेले असले तरी कम्प्लीटच! इन्टॅक्टचं लॅटिन मूळ ‘न शिवलेलं’ असं आहे. म्हणजे धक्का न लागलेला, शाबूत माल. टोटल ही बेरीज, आपलं ‘एकूण’. टोटल वजन लिहा, पण अख्ख्या घडाला ‘टोटल घड’ लिहू नका.

होल आणि एन्टायर मात्र सख्खे शेजारी. गोदेला पूर आला की आपण नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली ते बघतो. डोक्यावरून पाणी गेलं तर होल मूर्ती किंवा एन्टायर मूर्ती पाण्याखाली, दोन्ही चालतं. एन्टायरमध्ये जोर थोडा जास्त. ‘कम्प्लीट मूर्ती’ लिहिलंत, तर मूर्तीचे सगळे अवयव जागेवर आहेत, अशी भलतीच माहिती जाईल. (घोड्यांच्या व्यवहारात एन्टायर म्हणजे खच्ची न केलेला घोडा. तुम्हाला लागणार नाही, पण मला हा अर्थ फार आवडतो.)

खरी मेख अनेकवचनात आहे. ‘होल बॉक्सेस वेअर स्पॉइल्ड’ याचा अर्थ ‘सगळ्या पेट्या खराब’ असा होत नाही. तो होतो ‘पेट्याच्या पेट्या खराब’. बाकीच्या चांगल्या असू शकतात. सगळ्या म्हणायच्या असतील तर ‘ऑल द बॉक्सेस’. विम्याच्या दाव्यात हा फरक पैशांत मोजला जातो, तेव्हा तिथे जपून.

मराठी तरी कुठे एका ‘पूर्ण’वर भागवते? आपण मसूर अख्खे म्हणतो, दिवस सबंध म्हणतो, हिशेब पुरा करतो. इंग्रजी शब्द निवडताना त्याचा विरुद्धार्थी आठवा : काही कमी पडलंय की काही मोडलंय? कमी पडण्याची शंका असेल तिथे कम्प्लीट, मोडण्याची असेल तिथे इन्टॅक्ट.

ग्राहकाला आता एवढंच कळवा, की लोडिंगच्या वेळी माल कम्प्लीट आणि इन्टॅक्ट होता. ‘लोडिंगच्या वेळी’ हे शब्द गाळू नका. समुद्रावर काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही.