सिंह उठून गेल्यावर पंगतीला कोण?

प्रश्न : आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात सिंहाचं उरलंसुरलं आधी कोण खातं? आणि तरस खरंच आयतोबा असतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तरसाची ही बदनामी मला खटकते. सेरेंगेटीतले ठिपकेदार तरस आपलं बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात. उलट त्यांनी मारलेलं जनावर सिंहच दांडगाईनं हिसकावतात. आयतोबा म्हणायचंच तर वनराजांना म्हणा! तरस हाडंसुद्धा फोडून पचवतो. म्हणून त्याची वाळलेली विष्ठा खडूसारखी पांढरी दिसते.

आता गिधाडं. ती मढं वासानं नाही, नजरेनं हुडकतात. एक खाली झेपावलं की दूरवर घिरट्या घालणारी बाकीचीही वळतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं झुंडीनं येतात, पण जाड कातडं त्यांना फाडवत नाही. मग डोळे, गुदद्वार अशा मऊ जागांतून मान आत खुपसायची. लॅपेट-फेस्ड गिधाड आलं की काम सोपं होतं. त्याची दणकट चोच कातडं नि स्नायूबंध ओढून तोडते. मराबू करकोचा शेजारी उभा राहून तुकडे पळवतो. कोल्हेही असतातच.

मात्र गिधाडांच्या घिरट्यांमुळे वनरक्षकांना चोरट्या शिकारीचा सुगावा लागतो, म्हणून हे चोरटे शिकारी मारलेल्या हत्तीच्या मढ्यात विष कालवतात. २०१९ साली बोट्स्वानात अशा एकाच घटनेत पाचशेहून अधिक गिधाडं मेली.