प्रश्न वाचकांचे: शाळेत, संस्थेत आभासी जग उभारताना

मुक्तस्रोत त्रिमितीय जगांवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः ओपनसिम्युलेटर, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ओपनसिम, आणि लुआंटी या दोन प्रणालींविषयी आहेत.

प्रश्न: सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगासारख्या तयार सेवेवर जागा भाड्याने घेणं सोपं नाही का? महाविद्यालयाने स्वतःचा सर्व्हर कशाला सांभाळायचा?
– प्राध्यापक, अभियांत्रिकी महाविद्यालय, पुणे

सोपं नक्कीच आहे, पण ती जागा तुमची नसते. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर केलं की शैक्षणिक संस्थांना मिळणारी निम्म्या दराची सवलत जानेवारी २०११ पासून बंद होणार. वर्षाचं अंदाजपत्रक आधीच मंजूर झालेल्या विद्यापीठांना हा खर्च एकाएकी दुप्पट होणं परवडणारं नव्हतं. अनेकांनी तेव्हाच ओपनसिमची वाट धरली. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण तोवर बरेच जण निघून गेले होते.

दुसरं उदाहरण मोझिला हब्सचं, म्हणजे ब्राउझरमध्येच उघडणाऱ्या त्रिमितीय खोल्यांचं. २०१८ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोझिलाने ३१ मे २०२४ रोजी बंद केली. मात्र तिचा कोड मुक्त होता, त्यामुळे हब्स फाउंडेशनला तो पुढे चालवता आला. मुक्तस्रोताचा खरा फायदा इथे दिसतो. परवान्याचे पैसे वाचतात हा भाग दुय्यम. सेवा देणारा उठून गेला तरी तुम्ही बांधलेलं जग तुमच्याकडे राहतं, हे महत्त्वाचं.

त्याची किंमतही आहे. अद्ययावत आवृत्ती टाकणं, रोजची प्रत काढणं, बंद पडलेलं सुरू करणं हे काम आठवड्याला दोन-तीन तास नेमाने करणारी एक व्यक्ती लागते. ती नसेल तर भाड्याची जागाच घ्या. निवृत्त होणाऱ्या एकाच प्राध्यापकाच्या भरवशावर सर्व्हर उभारू नका.

प्रश्न: आमच्या प्रयोगशाळेत वीस संगणक आहेत, इंटरनेटचा भरवसा नाही. ओपनसिम फक्त आतल्या नेटवर्कवर चालेल का? पायऱ्या सांगाव्यात.
– संगणक शिक्षक, सातारा जिल्हा

चालेल, आणि सुरुवात तशीच करावी. चार कोअर आणि ८ जीबी रॅम असलेला एक संगणक सर्व्हर म्हणून वेगळा ठेवा. त्यावर विद्यार्थी बसवू नका.

आधी या संगणकाचा आयपी पत्ता पक्का करा, समजा १९२.१६८.१.१०. राउटरमध्ये तो राखून ठेवला नाही, तर एखाद्या दिवशी राउटर वेगळा पत्ता देतो आणि काल चाललेलं आज चालत नाही.

ओपनसिम ०.९.३ साठी डॉटनेट ८ लागतं. ते टाकून ओपनसिमची झिप उघडा. 'बिन' फोल्डरमधल्या 'ओपनसिम.आयएनआय.एक्झाम्पल'ची प्रत काढून तिच्या नावातून शेवटचं 'एक्झाम्पल' काढा. 'कॉन्फिग-इन्क्लूड' फोल्डरमधल्या 'स्टँडअलोनकॉमन' फाइलचंही तसंच करा. मग ओपनसिम.आयएनआयमध्ये 'बेसहोस्टनेम'समोर १२७.०.०.१ ऐवजी तुमचा पक्का पत्ता लिहा. आर्किटेक्चरच्या भागात साधा 'स्टँडअलोन' निवडा. 'स्टँडअलोन हायपरग्रिड' निवडलात तर बाहेरच्या ग्रिडशी, म्हणजे इतरांच्या जगांशी, ये-जा करता येते. शाळेला ती नको.

पहिल्यांदा सुरू केल्यावर सर्व्हर प्रदेशाचं (जगातल्या जमिनीच्या एका तुकड्याचं) नाव, नकाशावरची जागा, पोर्ट वगैरे विचारतो. जागा १०००,१००० आणि पोर्ट ९००० ठेवा. बाहेरचा पत्ता, म्हणजे 'एक्स्टर्नल होस्टनेम' विचारल्यावर 'सिस्टमआयपी' हे तयार उत्तर स्वीकारू नका. संगणकात वायफाय, केबल आणि व्हर्च्युअलबॉक्स अशी तीन नेटवर्क कार्डं असतील तर भलताच पत्ता उचलला जाऊ शकतो. १९२.१६८.१.१० स्वतः लिहा. शेवटी इस्टेटचं, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या प्रदेशांच्या गटाचं, नाव आणि मालकाचं खातं विचारलं जातं. तो मालक शिक्षकच असावा.

विद्यार्थ्यांच्या संगणकांवर फायरस्टॉर्म व्ह्यूअर, म्हणजे जगात शिरायचं सॉफ्टवेअर, टाका, पण ओपनसिमसाठीचीच आवृत्ती घ्या. दुसऱ्या आवृत्तीतलं हॅवॉक हे भौतिकीचं सॉफ्टवेअर सेकंड लाइफपुरतंच परवानाबद्ध आहे, त्यामुळे ती तुमच्या सर्व्हरला जोडली जात नाही. प्रेफरन्सेसमधल्या ओपनसिम टॅबमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ९००० जोडला की लॉगिनच्या यादीत तुमचं जग दिसतं.

इथवर सगळं बरोबर करूनही बहुतेक ठिकाणी पहिली अडचण एकच येते. पासवर्ड स्वीकारला जातो, पट्टी पुढे सरकते आणि प्रदेशाशी जोडणी होताना सगळं थांबतं. याचं कारण असं की लॉगिन टीसीपीवरून होतं आणि जगाची माहिती यूडीपीवरून येते. फायरवॉलमध्ये ९००० क्रमांकाचं पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडं हवं. ते असेल तर 'रीजन्स.आयएनआय'मधला बाहेरचा पत्ता पुन्हा तपासा. तोही बरोबर असेल आणि मुलं वायफायवर असतील, तर राउटरमधलं 'क्लायंट आयसोलेशन' बंद आहे का पाहा. ते चालू असेल तर एका वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसतच नाहीत. केबल असेल तर केबलच वापरा.

खाती 'क्रिएट यूजर' या आदेशाने होतात. वीस ओळी एका मजकूर फाइलमध्ये लिहून 'कमांड-स्क्रिप्ट' आदेशाने एकदम चालवता येतात. एखाद्या ओळीत माहिती अपुरी राहिली तर सर्व्हर तिथेच थांबून विचारत बसतो, म्हणून आधी दोन ओळींवर करून पाहा. नाव-आडनावाच्या जागी मुलांची खरी नावं नकोत. वर्ग आणि हजेरी क्रमांक पुरेसा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि बालकांची माहिती जितकी कमी साठवाल तितकं बरं.

पहिल्या तासाला वीस जणांना एकदम आत सोडू नका. प्रत्येक व्ह्यूअर सगळी चित्रं नव्याने मागवतो. पाच-पाचच्या गटाने पाठवा. एकदा चित्रं त्या त्या संगणकावर साठली की पुढच्या तासाला ताण येत नाही. जुन्या संगणकांवर सावल्या बंद ठेवा आणि दृश्य अंतर ६४ मीटर करा. एक प्रदेश २५६ मीटर लांब-रुंद असतो, त्यामुळे ६४ मीटरमध्ये वर्गाचं काम भागतं.

लोडशेडिंगच्या भागात सर्व्हरला यूपीएस हवाच. ओपनसिम मूळ रूपात एसक्यूलाइटमध्ये साठवण करतं आणि लिहिता लिहिता वीज गेली तर ती फाइल बिघडू शकते. बंद करताना कन्सोलवर 'शटडाउन' लिहा. खिडकीच्या फुलीवर टिचकी मारू नका.

प्रश्न: सहावी-सातवीच्या मुलांना ओपनसिम जड जातं. माइनक्राफ्टसारखं मोफत काही आहे का?
– प्राथमिक शिक्षिका, रत्नागिरी

लुआंटी घ्या. पेर्तु आहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेला माइनटेस्ट हा प्रकल्प ऑक्टोबर २०२४ पासून या नावाने ओळखला जातो. ओपनसिमला न झेपणाऱ्या जुन्या संगणकांवर आणि अँड्रॉइड टॅबवरही तो चालतो.

आवृत्ती ५.८ पासून त्यासोबत कोणताही खेळ येत नाही, त्यामुळे नव्या मांडणीत यादी रिकामी दिसते. खेळ आणि मॉड, म्हणजे जादा सोयी देणारे जोड, कंटेंटडीबी या लुआंटीच्या संग्रहावरून उतरवावे लागतात, पण फक्त तुमच्या सर्व्हर-संगणकावर. मुलांच्या संगणकांवर नुसतं लुआंटी पुरतं. चित्रं आणि वस्तू जोडणी होताना सर्व्हरकडून आपोआप येतात.

मग सेटिंग्ज. 'मॅक्स यूजर्स' मुळात १५ असतं, म्हणजे सोळावं मूल बाहेरच राहतं. पट बघून ते वाढवा. 'क्रिएटिव्ह मोड' चालू, 'डॅमेज' (इजा) आणि 'पीव्हीपी' (खेळाडूंनी एकमेकांवर हल्ला करणं) बंद, 'सर्व्हर अनाउन्स' (सार्वजनिक यादीत सर्व्हर झळकवणं) बंद. रिकामा पासवर्ड नाकारणारं सेटिंग चालू करा. एखाद्या नावाने जो पहिल्यांदा आत येतो त्याचाच पासवर्ड त्या नावाला लागतो, आणि मुलं एकमेकांची नावं पटकावतात. म्हणून '/सेटपासवर्ड' आदेशाने सगळी खाती आधीच करून ठेवा. नावात फक्त रोमन अक्षरं, अंक, जोडरेघ आणि अधोरेघ चालते. यूडीपी पोर्ट ३०००० उघडं ठेवा.

एकमेकांची बांधकामं पाडण्यावरून भांडणं होतातच. त्यासाठी 'एरियाज' हे मॉड टाकून प्रत्येक गटाला २० बाय २० ठोकळ्यांचा भूखंड द्या. राखीव भाग ठरवताना खोलीही घ्या. नुसता पृष्ठभाग राखला तर शेजारचा गट खालून खणत येतो. 'रोलबॅक'ची, म्हणजे झालेले बदल उलटवण्यासाठीची, नोंदही पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ती आधी चालू नसेल तर मोडलेलं परत आणता येत नाही.

शाळेची इमारत मापून बांधणं हा उत्तम पहिला प्रकल्प आहे. इथे एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात. त्या मापाने ९ इंची भिंतही मीटरभर जाड होते आणि खोल्या अरुंद दिसतात. म्हणून दोन ठोकळे म्हणजे एक मीटर असं प्रमाण घ्या: ६ बाय ८ मीटरची खोली १२ बाय १६ ठोकळ्यांची होईल. हे प्रमाण मुलांनाच ठरवू द्या. गणिताचा अर्धा तास त्यातच सार्थकी लागतो.

प्रश्न: मराठी मजकूर तुटका दिसतो. फॉन्ट बदलला तरी फरक नाही.
– मुख्याध्यापक, कोल्हापूर

दोष फॉन्टचा नाही. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही: ऱ्हस्व वेलांटी मागे न्यावी लागते, रफार वर चढवावा लागतो, जोडाक्षरं घडवावी लागतात. ही जुळणी करणारा भाग लुआंटीत नाही. त्यामुळेच हिंदी आणि कन्नड भाषांतरं बांधणीतून वगळण्याच्या यादीत ठेवली गेली होती. कोणत्याही व्ह्यूअरमध्ये 'विद्यार्थी', 'क्षेत्रफळ' आणि 'किल्ला' हे तीन शब्द टाइप करून पाहा. तिन्ही नीट दिसले तरच थेट मजकुरावर विसंबा.

नाहीतर पाट्या चित्र म्हणून करा. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्तस्रोत फॉन्ट 'मुक्त' किंवा नोटो सान्स देवनागरी घेऊन ५१२ बाय २५६ पिक्सेलची पीएनजी काढा आणि ती फलकावर चढवा. ओपनसिममध्ये आणखी एक चांगला मार्ग आहे: वस्तूच्या एका बाजूवर वेबपान दाखवता येतं. फायरस्टॉर्मच्या आतला ब्राउझर देवनागरी शुद्ध दाखवतो. शाळेच्याच सर्व्हरवर साधं एचटीएमएल पान ठेवलंत, तर धडा बदलताना चित्र पुन्हा चढवावं लागत नाही. आमचा कल याच मार्गाकडे आहे.

प्रश्न: आमच्या छोट्या संग्रहालयाचं दालन ओपनसिममध्ये उभारलं. शंभर छायाचित्रं लावल्यावर सगळे संगणक अडखळतात. काय चुकलं?
– विश्वस्त, स्थानिक इतिहास संग्रहालय, सोलापूर

छायाचित्रांचा आकार पाहा. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र जेपेगमध्ये भले २०० केबीचं असेल, ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत ते उलगडून सुमारे ३ एमबी व्यापतं, पारदर्शकता असेल तर ४. अशी शंभर म्हणजे ३०० ते ४०० एमबी. ५१२ बाय ५१२ केलं की जागा चौथाईवर येते. भिंतीवरची सगळी चित्रं ५१२ ची करा आणि बारकाईने पाहण्यासारखी पाच-सातच १०२४ ची ठेवा. पारदर्शकतेचा थर गरज नसताना ठेवू नका.

मूर्तीची त्रिमितीय प्रतिकृती चढवणार असाल तर ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये तिचा पृष्ठभाग घडवणारे त्रिकोण दहा-पंधरा हजारांवर आणा. भौतिक आकार, म्हणजे धडक ओळखण्यासाठीचा आकार, म्हणून साधा ठोकळा द्या, नाहीतर पाहुणे कोनाकोपऱ्यांत अडकतात. दुरून मूर्ती चुरगळलेली दिसत असेल तर चढवताना दूरच्या दृश्यासाठी फारच कमी त्रिकोण ठेवले गेले आहेत.

छत खऱ्या इमारतीच्या मापाने ठेवू नका. कॅमेरा पाहुण्याच्या मागे आणि वर असतो, तो छतात घुसतो. छत साडेचार-पाच मीटर आणि दरवाजे तीन मीटर उंच असू द्यात.

शाळांच्या सहलींना तुमच्या इमारतीत दाखवण्यासाठी ओपनसिम ठीक आहे. घरबसल्या पाहणारे लोक मात्र दालन बघायला वेगळा व्ह्यूअर उतरवणार नाहीत. त्यांच्यासाठी ए-फ्रेम ही वेबपानावर त्रिमितीय दृश्यं करायची प्रणाली वापरून ब्राउझरमध्ये उघडणारं दालन करा. त्यात आवाजाने बोलण्याची सोय हवी असेल तर एचटीटीपीएस लागेल, कारण त्याशिवाय ब्राउझर मायक्रोफोन देत नाहीत.

प्रश्न: ओएआर फाइल काढली म्हणजे सगळं सुरक्षित झालं का? आणि सेकंड लाइफमधली आमची जुनी इमारत इकडे आणता येईल?
– ग्रंथपाल, विद्यापीठ विभाग, मुंबई

ओएआर म्हणजे प्रदेशाची साठवण-फाइल. तिच्यात जमीन, वस्तू, चित्रं, स्क्रिप्ट आणि भूखंड येतात. वापरकर्त्यांची खाती आणि त्यांची वस्तुसूची येत नाही. सूचीसाठी 'सेव्ह आयएआर' वेगळं चालवा आणि सर्व्हर बंद असताना डेटाबेसचीही प्रत ठेवा. एकापेक्षा जास्त प्रदेश असतील तर 'चेंज रीजन'ने योग्य प्रदेश निवडून मगच 'सेव्ह ओएआर' द्या. उलट दिशेने फार जपा: 'लोड ओएआर' आधीचं सगळं पुसून नवं मांडतं. दोन्ही एकत्र हवं असेल तर 'मर्ज' हा पर्याय जोडावा लागतो. सत्र संपताना प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडून, आत फिरून पाहा. मूळ मालकांची खाती तिथे नसतील तर वस्तू इस्टेटच्या मालकाच्या नावावर दिसतील. तो बिघाड नाही.

सेकंड लाइफमधल्या वस्तूंपैकी ज्यांचा प्रत्येक भाग तुमच्याच खात्याने घडवला आहे, तेवढ्याच फायरस्टॉर्मच्या निर्यातीतून बाहेर निघतात. विकत घेतलेलं फर्निचर, दुसऱ्याने केलेली भिंतीची चित्रं निघणार नाहीत, आणि ती आडमार्गाने काढू नयेत. इमारत एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या खात्यावरून बांधली असेल तर निर्यात त्याच्याच लॉगिनमधून करावी लागेल. त्यामुळे आधी वस्तूंवर उजवी टिचकी मारून निर्माता कोण आहे ते तपासा आणि यादी करा.