‘कॉन्शन्स’ला मराठीत काय म्हणावं?

वसईच्या एका वाचकाने विचारलं आहे: “आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मतदानाविषयी पत्रक काढायचं आहे. ‘आपल्या कॉन्शन्सप्रमाणे मत द्या’ हे ‘अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे’ असं लिहिलं तर चालेल का? सदसद्विवेकबुद्धी हा शब्द फार जड वाटतो. आणि ‘इन्फॉर्म्ड कॉन्शन्स’ म्हणजे माहितीपूर्ण का?”

शब्द जड आहे, मान्य. तरी मी तोच सुचवेन.

लॅटिन ‘कॉन्शिएन्शिया’ आणि बायबलमधला ग्रीक ‘सिनेडेसिस’, दोन्हींची घडण सारखी आहे: सोबत जाणणं. आपण करतो ते आपल्यातच कोणीतरी आपल्याबरोबर जाणत असतं, म्हणजे साक्षीदार असतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (२:१५) संत पौल म्हणतो तेही हेच, कॉन्शन्स साक्ष देते. मराठी कानाला हे परकं नाही. ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता’ असं तुकोबांनी म्हटलंच आहे. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ म्हणताना आपल्याला हेच अभिप्रेत असतं, आणि चुकीचं वागल्यावर ‘मन खातं’ तेव्हाही. बोली मराठीत कॉन्शन्सला खरा शब्द ‘मन’ आहे. अडचण एवढीच की ‘मनाप्रमाणे मत द्या’ म्हटलं की अर्थ उलटा होतो: वाटेल त्याला द्या!

‘अंतरात्म्याचा आवाज’ इथेच घसरतो. १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कॉन्शन्सप्रमाणे मत द्यायला सांगितलं, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी हरले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून राजकारणात या शब्दांना पक्षादेश झुगारण्याचा वास आहे. शिवाय आवाज ऐकला की काम संपलं, असंही त्यातून वाटतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली कॉन्शन्सला माणसाचा सर्वांत आतला गाभारा म्हटलं आणि तिथे घुमणाऱ्या आवाजाचा उल्लेख केला, पण तो आवाज देवाचा. तो ऐकून ठरवायचं माणसालाच असतं. कॅथलिक धर्मशिक्षण, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, कॉन्शन्सला बुद्धीने केलेला निवाडा म्हणतं. देवाला कौल लावला तर उत्तर देव देतो; इथे उत्तर मतदाराने द्यायचं आहे. म्हणून त्या शब्दात ‘बुद्धी’ हवी, ‘विवेक’ तर हवाच.

‘अंतःकरण’ही नको. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५चा हिंदी पाठ अंतःकरणाचं स्वातंत्र्य म्हणतो, मराठी पाठ सदसद्विवेकबुद्धीचं. हिंदीत ते शोभतं. मराठीत अंतःकरण भरून येतं, किंवा अंतःकरणपूर्वक अभिनंदन होतं. निवाडा करणं त्याचं काम नाही.

आता ‘इन्फॉर्म्ड’. ‘माहितीपूर्ण’ चुकीचं आहे, कारण माहितीपूर्ण तर लेखही असतो. मूळ क्रियापद आकार देण्याचं आहे, आणि धर्मशिक्षणातला तो भागही कॉन्शन्सच्या घडणीवरच आहे. ‘घडवलेली विवेकबुद्धी’ म्हणा: वाचन, प्रार्थना, उमेदवाराच्या कामाची चौकशी, गरिबाचा विचार, या सगळ्यांतून घडवलेली. मतदान हे नैतिक कर्तव्य आहे, असं तेच धर्मशिक्षण (परिच्छेद २२४०) सांगतं. म्हणून घडणीचं काम मतदानाच्या आदल्या रात्रीवर ढकलता येत नाही.

पत्रकात ‘अमक्याला मत दिलं तर पाप लागेल’ अशा अर्थाचं काहीही येऊ देऊ नका. देवाच्या अवकृपेची भीती घालून मत वळवणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात गैरप्रकार ठरतं, आणि भीतीने दिलेलं मत विवेकाचं उरतही नाही.

पत्रकात पहिल्यांदा ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा पूर्ण शब्द लिहा, पुढे नुसतं ‘विवेक’ पुरेल. व्यासपीठावरून बोलताना ‘मनाला साक्षी ठेवून मत द्या’ म्हणा, आजीलाही कळेल. आणि छापण्याआधी मुद्रित नीट तपासा. पुष्कळ जण ‘सद्सद्विवेक’ लिहितात. सत् आणि असत् मिळून ‘सदसत्’ होतं. मधला ‘अ’ गेला की असत् नाहीसं होतं आणि विवेकाला निवडायला काही राहतच नाही.